टाके रविवारी

६ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: गाठ बंद. तीस वर्षं झाडं छाटायला चढण्याआधी दोराला गाठी मारतोय. गाठीने दोराची निदान एक तृतीयांश ताकद जाते, पुस्तकात छापलंय. त्यापेक्षा स्प्लाइस. दोराचं टोक दोराच्याच पोटात सरकवून डोळा, म्हणजे टोकाचा पक्का फासा, विणायचा, डोळ्यात कडी, कडी कमरेच्या पट्ट्याला. खलास. विकतचा घेणार नाही. हात आहेत मला.

९ जानेवारी
डेन्झिलला सांगितलं. माझा जोडीदार, वय एकसष्ट, अजून माझ्याआधी शेंड्याला पोचतो. मटण भरलेली पास्टी खाता खाता म्हणाला, राजा, विणायचंच असेल तर माझ्यासाठी मोजे विण, पाय गारठतात. रोज सकाळी व्हॅनच्या मागच्या दाराशी त्याने मला गाठ दाखवायची, मी त्याला दाखवायची, दोघांनी ‘बघितली’ म्हणायचं, मगच वर. याचा हा देवधर्म. डोळ्यात बघण्यासारखं काही नसतंच, रोजची दोन मिनिटं वाचतील. माणूस जुनाट आहे, दुसरं काय.

१४ जानेवारी
पहिला डोळा फसला. सुई वाईट.

१५ जानेवारी
दुसराही. बायको, लव्हडे, म्हणाली, पडदे बांधायला छान झालाय. स्वयंपाकघरातला उजेड वाईट. बल्ब बदलायचा.

२२ जानेवारी, दुपारी
जमला! व्हॅनला अडकवून ओढला, केसभर हलला नाही. शेवटी डोळ्याच्या गळ्याला आरपार टाके घालायचे असतात. नाहीतर म्हणे दोर सैल असताना आतलं टोक हळूहळू सरकतं. व्हॅनला दाद देत नाही तो माणसाला काय देणार! तरी घालणार. निष्काळजी माणूस नाही मी. सुईत दोरा ओवून ठेवला. टाके रविवारी.

२५ जानेवारी, रविवार
मेहुणी जेवायला. टाके पुढच्या रविवारी.

१ फेब्रुवारी, रविवार
रग्बी.

६ फेब्रुवारी
दोन आठवडे त्याच डोळ्यावर चढतोय. काही झालं नाही. टाके ही पुस्तकवाल्यांची भीती आहे. उन्हाळ्यात स्प्लाइसचे क्लास काढायचे ठरवलं.

१० फेब्रुवारी
डेन्झिलचा दोर काल करवतीखाली आला. आज मोठ्या मनाने माझा दिला. त्याने डोळा उलटसुलट केला, चष्मा घरी राहिला म्हणाला, आणि विचारलं, सगळं झालंय ना याचं? झालंय म्हणालो. म्हणजे जवळजवळ झालंच आहे. सवयीने डोळा माझ्यापुढे धरला, मी म्हटलं, यात बघायचं काय? गुपचूप वर गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं. जिंकलो.

११ फेब्रुवारी
डेन्झिल पडला.

१२ फेब्रुवारी
चर्चमागचं अ‍ॅशचं झाड. चाळीस फूट. फांदीवर उभा राहून करवत लावत होता, दोर सैल होता. मग दोरावर भार टाकून मागे बसला.
झाड रोगट होतं. फांदी हलली असणार. वारा होता. ख्रिसमसपासून त्याचं वजनही वाढलंय.

२० फेब्रुवारी
तपासनीस आले. दोर टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, टाके कुठे आहेत? मी अ‍ॅशच्या रोगाबद्दल बरंच सांगितलं. त्यांनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
हॉस्पिटलमध्ये जाणार होतो. गाडी सुरू होत नव्हती. झाली, पण तोवर भेटीची वेळ संपत आली होती.

१ मार्च, रविवार
गेलो. कमरेखाली काही कळत नाही त्याला. मी फांदीचं सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, गाठ असती तर बघितली असती रे, तुला दाखवलीही असती. तू झालंय म्हणालास, म्हणून सोडून दिलं. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लव्हडे कशी आहे विचारलं. पाय गारठलेत का, असं मी विचारून बसलो. तो म्हणाला, माहीत नाही.
मी खोटं बोललो होतो. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.
घरी येऊन ड्रॉवर उघडला. सुईत दोरा ओवलेलाच आहे.