नेटवरचं चूलबंद आमंत्रण

ब्रह्मपुरी,
रविवार, दि. ११ जानेवारी २००९, दुपारी सव्वादोन.
(लोडशेडिंगमुळे लाइन गेली आहे, सव्वापाचला येईल. दुकानाच्या पायरीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो, त्या बाजूला ठेवून लिहितो आहे. कागदाला हिरवे डाग दिसले तर त्याचं कारण एवढंच.)

ती. गुणवंतराव भाऊजींना मिथुनचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रुखमाताईचा खोकला गेला का? (आल्याचा काढा रात्रीच घ्यायला सांगा, सकाळी नाही. सकाळी घेतला तर पित्त होतं.) डिंपल आणि सोनूला आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे.

पत्राला निमित्त कालचा तुमचा फोन. "किती जण येऊन राह्यले बे मिथुन? इतवारी तं दोनशे म्हणते!" एवढं ऐकू आलं आणि तुमची रेंज गेली. पुन्हा फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मोठ्याने विचारता, मी अर्धंच सांगतो, आणि उरलेलं अर्धं मला रात्रभर टोचत राहतं. लेखी बरं. पत्र इतवारीच्याच जीपने पाठवतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवून वर दोन टाचण्या मारल्या आहेत, कारण इतवारीला बंद पाकीट दिलं की त्याला गाडी चालवणं जड जातं.

दोनशे नाहीत, भाऊजी. सत्तावीस आहेत. पण नुसता आकडा वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

मागच्या वर्षी मंडईच्या रात्री आपल्या गावात नाटक होतं आणि त्याच रात्री पलीकडच्या गावातही होतं. आपला मंडप अर्धाही भरला नाही, वडशाच्या नाटक कंपनीला द्यायचे कमी पडलेले पैसे तुम्ही पदरचे भरले, आणि चारचौघांत बोलून बसलात, "पुढच्या वर्षी मंडप भरला नाई तं मंडळाचं अध्यक्षपद सोडून देतो." (तेव्हा मी तुमच्या मागेच उभा होतो. तुमचा शर्ट ओढणार होतो, पण उशीर झाला.) म्हणून यंदा पोळा झाल्या झाल्या तुम्ही प्रचाराचं काम वाटून दिलं. पोस्टरं सोमाजीकडे, भोंग्याची जीप इतवारीकडे आणि नेट माझ्याकडे. मला म्हणालात, "तू दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसून राह्यतं, तं थोडा गावाचाबी उपयोग कर ना बे." मी बारावीत इंग्रजीने अडलेला माणूस. सायबर कॅफेत मी कॉम्प्युटर पुसतो, वेळ लिहितो आणि लोकांच्या अर्जांतल्या चुका दुरुस्त करतो. पण तुम्ही पाचशे रुपये हातावर ठेवले आणि मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्या रात्री मी फार उत्साहाने काम केलं. पोस्टर स्कॅन केलं आणि ऑर्कुटवर मराठी माणसांच्या जेवढ्या कम्युनिटी सापडल्या, त्या सगळ्यांत टाकलं. नाटकांची होती, गाण्यांची होती, एक मधुमेहींची होती, एक मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्यांची होती. मला वाटलं, भोंगा लावायचा तर मग गल्ली कशाला निवडायची. सकाळी उघडून पाहिलं तर जवळजवळ सगळीकडून मला काढून टाकलं होतं. मधुमेहींनी तर कारणही लिहिलं होतं, की आमच्या दुखण्याची थट्टा करू नये. पंगतीतून हाताला धरून उठवावं तसं वाटलं, भाऊजी. मी त्यांची माफी मागायला गेलो, तर दार बंद झालेलं होतं, माफी टाकायला जागाच नव्हती.

तेव्हा प्रफुलभाऊ, म्हणजे आमचे दुकानमालक, मला म्हणाले, "अबे, कोणाच्या घरी गेल्या गेल्या पोस्टर चिकटवते का? आधी ओसरीत बस, पाणी पे, लेकराबाळाचं विचार. मंग हळूच बोल." हे मला पटलं. आपल्याकडे बैल विकत घ्यायला गेलेला माणूससुद्धा आधी पावसापाण्याचं बोलतो. मग नेटवर वेगळं कसं असेल?

म्हणून मी एकच ओसरी निवडली. पुण्याच्या नीलाबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. त्या नाटकांवर ब्लॉग लिहितात (ब्लॉग म्हणजे डायरीच, पण दार उघडं ठेवून लिहिलेली), आणि त्यांच्या वाचकांची ऑर्कुटवर एक कम्युनिटी आहे, सभासद दोन हजार तीनशे. मी त्यांचा ब्लॉग पहिल्या पानापासून वाचायला घेतला. तीन वर्षांचं लिखाण होतं. मधूनच वाचणं मला बरं वाटेना, आणि वाचून गप्प निघून जाणंही बरं वाटेना, म्हणून प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहीत गेलो. २००६ साली त्यांचं मांजर गेलं होतं, त्याबद्दल मी नोव्हेंबर २००८ मध्ये दुःख व्यक्त केलं. त्यांच्या भाचीच्या लग्नाला शुभेच्छा दिल्या (पुढच्या लेखात कळलं की तिला आता मुलगाही झाला आहे, मग त्यालाही दिल्या). काही ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या नम्रपणे दाखवल्या. हे मी करायला नको होतं असं आता वाटतं. कम्युनिटीत 'स्पष्टवक्ता' या नावाने एक गृहस्थ असतात. त्यांनी लगेच लिहिलं, "हा कोण नवा मास्तर? हा काहीतरी विकायला आलाय, लिहून ठेवा." मी दिवसभर जेवलो नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. पण नीलाबाईंनी त्यांना उत्तर दिलं, "विकू दे की. आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तरी सुधारू दे." तेव्हापासून त्या नवा लेख टाकण्याआधी मला तपासायला पाठवतात.

असा दीड महिना गेला. प्रफुलभाऊ रोज विचारत, "झालं का बे नाटकाचं बोलून?" मी म्हणे, अजून पाणीच पितो आहे. खरं सांगायचं तर मला त्यांना काही विकावंसं वाटेना. डिसेंबरात आपल्याकडे लाइनीने चार दिवस दगा दिला, मला तिकडे जाता आलं नाही. पाचव्या दिवशी उघडलं तर कम्युनिटीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "मिथुन कुठे आहे? बरा आहे ना?" खाली तेवीस जणांनी काळजी केली होती. एक तर स्पष्टवक्ताच होते. त्यांचं म्हणणं, "पकडला गेला असेल." पण विचारलं तरी! मागच्या पावसाळ्यात मी मलेरियाने आठवडाभर पडलो होतो, तेव्हा दुकानात फक्त कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा माउस का चालत नाही एवढंच विचारायला लोक आले होते. (तुम्ही आला होतात, ते मी विसरलो नाही. मोसंबी गोड होती.)

त्या दिवशी मी सगळं लिहून टाकलं. मी नाटकाचा प्रचार करायलाच आलो होतो, माझे भाऊजी अध्यक्ष आहेत, मागच्या वर्षी मंडप रिकामा गेला, सगळं. मग मंडई म्हणजे काय ते लिहिलं (पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार, त्यामुळे भाजीबाजारात रात्रभर नाटक कसं होतं, असं एकीने विचारलं होतं). भात निघाला की गावोगाव मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात, रात्री दहाला नाटक सुरू होतं आणि कोंबडा आरवल्यावर सुटतं, मध्ये कोणी झोपलं तर शेजारचा कोपराने उठवतो. आणि शेवटी आमंत्रण लिहिलं. आता नुसतं 'या' म्हणणं म्हणजे दारातूनच वाटेला लावणं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. म्हणून मी रीतीप्रमाणे लिहिलं, "समस्त सभासदांना सहकुटुंब चूलबंद आमंत्रण."

त्यांना चूलबंद माहीत नव्हतं. मी सांगितलं, घरातलं एकही माणूस मागे ठेवायचं नाही, त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायलाच नको, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. एका बाईंनी विचारलं, आमच्याकडे गॅस आहे, चालेल का? मी म्हटलं, शेगडी बंद ठेवा, भावना तीच. त्यानंतर भाऊजी, तिकडे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. दीडशेच्या वर लोकांनी 'नक्की येणार' लिहिलं. मी नावं दोनदा मोजली. प्रफुलभाऊंनी धीर दिला, "नेटवरचे लोक बसल्या जागी 'येतो' म्हणतेत बे. खुर्चीवून उठत नाईत." पण आपल्याकडे माणूस 'येतो' म्हणाला की तांदूळ मोजायला घेतात. मी प्रत्येकाला वेगळं पत्र टाकून विचारलं, खरंच येणार का, किती जण, रात्री थंडीचं काही दुखणं आहे का. बहुतेकांनी हसरे चेहरे पाठवले. सत्तावीस जणांच्या रेल्वेच्या तिकिटांचे नंबर आले. २४ तारखेचा नाटकाचा शनिवार, मग रविवार, मग सोमवारी सव्वीस जानेवारी, अशी जोडून सुट्टी आल्याने त्यांना सोयीचं पडलं. स्पष्टवक्ताही येतात. म्हणतात, "मी फक्त खातरजमा करायला येतोय." पण सोबत बायको आणि सासूबाईंना आणतात.

सत्तावीस माणसांनी मंडप भरत नाही, हे मलाही कळतं. पुढचं काम इतवारीने केलं. तो लायसन्सची झेरॉक्स काढायला आला होता, तेव्हा प्रफुलभाऊंनी त्याला ही यादी दाखवली. बातमी एकदा इतवारीच्या जीपमध्ये बसली की उतरत नाही, उलट प्रत्येक थांब्यावर आणखी माणसं चढतात. "पुण्यावून लोक येऊन राह्यले, आपलं नाटक पाहाले!" असं तो नागभीडपर्यंत सांगत गेला. परतताना ते दोनशे झाले होते आणि त्यात अमेरिकेचेही होते. आता पलीकडच्या गावातली माणसंसुद्धा इथे आमच्या काउंटरवर आपल्या नाटकाची तिकिटं घेऊन जात आहेत. त्यांच्या गावात त्याच रात्री नाटक आहे, याची आठवण मी एका आजोबांना करून दिली, तर म्हणाले, "नाटक तं दरसालच पाह्यतो बाबू. पुण्याचे लोक आमचं नाटक पाह्यतानी कवा पाहाव?" तुम्ही दिलेली तिकिटांची सगळी पुस्तकं संपली. आणखी पुस्तकं इतवारीबरोबर पाठवा. मंडप भरणार, भाऊजी. तुमचं अध्यक्षपद शाबूत आहे, असं मी जबाबदारीने लिहितो.

आता शेंगा सोलायच्या राहिल्या आहेत, म्हणून आवरतो. चुकलं असेल तर लहान म्हणून पदरात घ्या.

तुमचा,
मिथुन

ता. क. १. चूलबंद आमंत्रणात घराचं नाव लिहावं लागतं. मंडळाला चूल नसते, म्हणून मी तुमचं घर लिहिलं. पाहुणे शनिवारी सकाळी येतील आणि सोमवारी शाळेतलं झेंडावंदन करून निघतील. सहा जण कांदा-लसूण खात नाहीत. नव्या संडासाला दार बसवायचं राहिलं आहे, तेवढं त्याआधी बसवून घ्यावं. आमंत्रण मागे घ्या असं कृपया म्हणू नका. मला ते जमणार नाही, त्यांनी माझी विचारपूस केली आहे.

ता. क. २. रुखमाताईला यातलं मी काहीही कळवलेलं नाही. मागच्या मंडईला चार पाहुणे वाढले, तेव्हा ती मला म्हणाली होती, "पुढच्या साली एकबी माणूस जास्तीचा आणशीन तं पाहुण्याले जेवू घालीन अन् तुले चुलीत घालीन." तिला तुम्ही सांगा. जेवण झाल्यावर सांगा, आधी नको. माझी खरी विनंती एवढीच आहे. बाकीचं पत्र तुम्हाला थोडी तयारी व्हावी म्हणून लिहिलं.

ता. क. ३. हिशेब. तुमच्याकडून मिळाले ५००. पोस्टरचं स्कॅनिंग ३०, नेटचे सत्तर तास प्रफुलभाऊंच्या अर्ध्या दराने ५२५, एकूण खर्च ५५५. मला येणे ५५, घाई नाही. नेटवरून येणारे प्रेक्षक २७, खुर्चीचं तिकीट ६० प्रमाणे १६२०. नीलाबाई ही रक्कम आधीच पाठवते म्हणत होत्या, पण घरी आलेल्या पाहुण्याला कोणी तिकीट काढू देतं का, असं मी त्यांना जरा रागावूनच कळवलं. तेव्हा ते १६२० यजमान या नात्याने तुमच्याकडून मंडळाला येणे आहेत. पावती अध्यक्षांनी, म्हणजे तुम्हीच फाडायची आहे, त्यामुळे व्यवहार घरातल्या घरात मिटेल. माझे पंचावन्न मात्र त्यात धरू नयेत, ते वेगळे.