भिंतीवरची टकटक

तीर्थरूप बाबांना,

तुमच्या भांडखोर लेकीचा नमस्कार.

हजारोंतून निवडलेल्या साठ जणांत आता मी बसते. आपल्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला! सवयीने वर्गाच्या भिंतीवर टकटक केली. सर म्हणाले, "काय चाललंय?" तोंडातून निघून गेलं, "गिलावा पोकळ आहे सर, पडेल. माझे बाबा गवंडी आहेत." सगळे हसले. सरांनी मात्र स्वतः ठोकून पाहिलं आणि बाक सरकवायला लावला.

जेवण पोटभर मिळतं. मैत्रिणी होतील हळूहळू. तुमच्या गुडघ्यांना आई तेल लावते ना?

माझ्या खोलीची भिंत भरीव आहे. अभ्यासाला उठवायला तुम्ही पलीकडून दोनदा ठोकायचात. इथे मीच दोनदा ठोकते, जरा वाट बघते, मग उठते.

तुमचीच,
चिमी