सतरा आठे छत्तीसासे

बाई, मागच्या आठवड्यात सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मला सतराचा पाढा विचारला. ह्या वयात! तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात. त्याचं असं झालं, की गेल्या काही महिन्यांत माझ्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्यात. दूध गॅसवर ठेवलं आणि घराला कुलूप घालून जळकोटच्या बाजाराला निघून गेले. पातेल्याचा कोळसा झाला, शेजारणीनं कुलूप तोडून गॅस बंद केला. सुनेला मीच फोन लावला, ती 'हॅलो' म्हणाली, तर मीच तिला विचारलं, कोण पाहिजे? हे सगळं पुण्याला माझ्या लेकाच्या कानावर गेलं, कारण आमच्या गल्लीत काय जळलं ते पुण्याला आधी कळतं आणि मला नंतर. तो गाडी घेऊन आला. म्हणाला, "आई, डॉक्टरला दाखवू. तो ठीक म्हणाला तर ठीक. न्हायतर घर बंद करायचं आणि तू तशीच आमच्याकडं यायचं." त्यांच्याकडं म्हणजे चौथ्या मजल्यावर, जिथं शेजारणीशी बोलायचं तर आधी बेल वाजवावी लागते. लेक गुणाचा आहे, सून त्याहून गुणाची, पण मी तिथं महिन्याभरात वाळून जाईन हो. माझी कपड्यांची पिशवी त्यानं आधीच डिकीत टाकली होती. सोलापूर येईपर्यंत मी वार, तारीख, महिना घोकत बसले होते, परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी.

डॉक्टर पोरगेलेसे, गोड बोलणारे. "आजी, आज वार कोणता?" घोकून आणलेला वार सांगितला. तारीख सांगितली. आपण कितव्या मजल्यावर आहोत, विचारलं. जिना माझ्याच गुडघ्यांनी चढला होता, ते कशी विसरेन? मग त्यांनी तीन शब्द दिले, लिंबू, किल्ली आणि फुगा, आणि म्हणाले, हे लक्षात ठेवा, मी नंतर विचारतो. मी म्हटलं, "आत्ताच इचारा की, नंतरचा काय भरवसा?" ते हसले, लेक हसला नाही. मग शाळा कितवीपर्यंत झाली, विचारलं. सातवी म्हटल्यावर म्हणाले, "वा, मग पाढे येत असतील. सतराचा म्हणा बघू." आणि काय सांगू बाई! सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि पुढं नुसतं पांढरं. मी भिंतीकडं बघतेय, लेक माझ्याकडं बघतोय, आणि मला डिकीतली पिशवी दिसायला लागली. तेवढ्यात ध्यानात आलं, की माझा उजवा हात मांडीवर आपला आपण वरखाली होतोय. पाढा डोक्यात नव्हताच. तुम्ही तो तिथं कधी ठेवलाच नव्हता.

दुष्काळाच्या त्या वर्षी तुम्ही आमच्या गावात शाळेवर नव्यानंच आला होतात. शाळा होती, घंटा होती, पोरं नव्हती. ज्याला चालता येत होतं तो रस्त्याच्या कामावर. मोठी माणसं खडी फोडायला, आणि पोरं तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीच्या आशेनं. दुसरी कुणी असती तर रिकाम्या वर्गात स्वेटर विणत बसली असती. तुम्ही गुंडाळीचा फळा काखेत मारलात आणि तरातरा खडीवर आलात. अजून दिसताय मला. फिक्या निळ्या साडीत, घामानं चिंब, आणि मुकादम छत्री घेऊन तुमच्यापुढं येतोय. "बाई, हितं हजेरी माझी चालती, तुमची न्हाय." तुम्ही म्हणताय, "मोठ्यांची तुम्ही घ्या, लहानांची मी घेते," आणि बाभळीच्या फांदीला फळा टांगताय. बाया हातोडे थांबवून बघतायत. आमची माय मला ढकलते, "जा गं, बस तिच्यापुढं. तेवढीच सावली." ती फळ्याच्या सावलीबद्दल बोलत होती हो, विद्येच्या नव्हे.

पण तुमचा आवाज बारीक आणि हातोडे ढीगभर. तुम्ही 'सतरा' म्हणायचात, पुढचं सगळं ठकठकीत बुडून जायचं. काही दिवस तुम्ही घसा फाडून बघितलात. मग एका दुपारी वैतागून ओरडलात, "बरं, तुमच्याच तालावर घ्या!" आणि तिथून सुरू झालं. सतरा एके, ठक, सतरा. सतरा दुणे, ठक, चौतीस. आम्हा पोरांच्या हातात तुम्ही एकेक लहान दगड दिलात. हळूहळू बायाही म्हणायला लागल्या, पाटलांच्या घरची सून आणि आमची माय एका ओळीत, एका सुरात. एरवी आम्ही जयभीमवाले म्हणून ती सून आमचा वारा लागू द्यायची नाही, पण तिथं एकोणतीसाला अडली की गुपचूप मायच्या तोंडाकडं बघायची. खरी गंमत मुकादमाची झाली. त्यानं हेरलं, की पाढा सोपा असला की हातोडे भराभर पडतात, आणि अवघड आला की सगळी ओळ हातोडे वर धरून विचार करत बसते. तो तुमच्याकडं आला, अगदी गरीब तोंड करून. "बाई, पाया पडतो, दहाचाच घ्या की. काम पुढं सरकतंय."

आणि तो तुमचा अंगठा! माय तापानं फणफणलेली, तरी कामावर आली होती. घरी पडून काय ताप उतरतो व्हय, म्हणायची. तुम्ही तिला बाभळीखाली निजवलंत, तिच्या जागेवर बसलात, दगड निसटू नये म्हणून चिंध्यांच्या चुंबळीत नीट बसवलात, आणि पहिलाच घाव अंगठ्यावर. त्या क्षणी तुमच्या तोंडून जो शब्द गेला, तो मी इथं लिहीत नाही. माझी नात कधी वाचेल. सगळ्या ओळीनं वळून बघितलं. मग तापातली माय उठून बसली आणि म्हणाली, "आगं बया! बाई तर आपल्यातलीच निघाली!" आणि अशी हसली की मला वाटलं, ताप मेंदूत गेला. त्या दिवसापासून बाया तुम्हाला आपल्या फडक्यातली रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर द्यायला लागल्या, आणि तुम्ही ती खाल्लीत, मायच्या हातचीसुद्धा. तुमचं नख काळं पडलं, मग गळालं, नवीन आलं ते जरा वाकडंच आलं. हे सगळं मला लख्ख आठवतं, तो शब्द तर कालच ऐकल्यासारखा. डोकं काय ठेवून घेतं आणि काय फेकून देतं, कुणाला ठाऊक. निदान मला तरी विचारत नाही.

मग पाऊस झाला, कामं बंद पडली, शाळा परत शाळेत भरायला लागली. कुणीतरी वर कळवलं होतं, की ह्या बाईंनी दुष्काळात शाळा बंद ठेवली आणि पोरांना खडीवर नाचवलं. त्यावरून तपासणीला साहेब आले. तुमची नोकरी तेव्हा पक्की नव्हती, आणि तुमच्या पगाराकडं डोळे लावून तुमच्या गावाकडं कोण कोण बसलंय, हे मायला तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं होतं. तुम्ही आम्हाला बजावलं होतं, "नीट बसा, हात मांडीवर, आवाज अजिबात नको." तिथंच घोटाळा झाला, बाई. सारवलेल्या जमिनीवर आम्ही सगळे शहाण्यासारखे बसलो, आणि साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "सतरा आठे?" खडीवर मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. त्या चिडीचूप वर्गात मला काही म्हणजे काही येईना. दुसऱ्याला विचारलं, तो गप. तिसरी रडायला लागली. तुमचा चेहरा पार उतरला. साहेबांनी चष्मा लावला, कागद उघडला, तुमचं अख्खं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ह्या शाळेत काही शिकवलं जातं का?" तेवढ्यात मी वाकले आणि पाटीची चौकट जमिनीवर हाणली. ठक! मनगटातून वर सरकत सरकत ते तोंडात आलं आणि मी किंचाळले, "छत्तीसासे!" एकशे छत्तीस! मग काय, अख्खा वर्ग ओणवा झाला. मुठी, पाट्या, एकानं तर पाण्याचा तांब्या घेतला. सतराला सुटलेली पोरं एकोणतीसाशिवाय थांबली नाहीत. साहेबांच्या टेबलावरची दौत नाचत नाचत कडेला आली, ती त्यांनीच झेलली. तुम्ही भिंतीला टेकून डोळे पुसत होतात. हसत होतात की रडत, ते मला तेव्हाही कळलं नाही. जाताना साहेबांनी शेरा मारला, 'पाढे उत्तम. जमीन पुन्हा सारवून घ्यावी.'

पुढं तुमची बदली झाली, आणि काही वर्षांनी तुम्ही गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. माझं लग्न गावातच झालं. गावात दुधाची सोसायटी निघाली तेव्हा आमच्या दारात चंद्रकला आली. चंद्रकला म्हणजे आमची म्हैस. कपाळावर पांढरी कोर, म्हणून चंद्रकला. तिला विसर म्हणून ठाऊक नव्हता. एकदा सुई टोचून गेलेला जनावरांचा डॉक्टर पुढच्या वर्षी टोपी घालून आला, तरी तिनं ओळखला आणि उकिरड्यापर्यंत पळवला. मी सकाळ-संध्याकाळ तिला नावानं हाका मारायची. सोसायटीत दूध घालायला गेले की म्हणायचे, "चंद्रकलावाली आली." माझं स्वतःचं नाव मला मतदानाच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. माझा लेक तिच्या दुधावर वाढला आणि तिच्या लेकींच्या दुधावर इंजिनिअर झाला.

तर, डॉक्टरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक काचेचा गोळा ठेवलेला होता, आत फूल. "हे घेऊ का?" म्हटलं, आणि उत्तराची वाट न बघता घेतला. ठक! सतरा त्रिक एकावन्न. ठक! सतरा चोक अडुसष्ट. बाई, असा आला म्हणता, असा आला! त्यांची छाती तपासायची नळी खाली पडली, नर्स धावत आत आली, बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. सतरा संपला, अठरा घेतला, एकोणीस घेतला. "पुरे आजी, काच आहे ती," डॉक्टर म्हणत होते, पण लेकानं हात धरला तेव्हा कुठं मी थांबले. मग तीन शब्द विचारले. लिंबू सांगितलं, किल्ली सांगितली, तिसरा काही सापडला नाही. "एवढं चालतं," घाम पुसत डॉक्टर म्हणाले. "पण हे पाढे शिकवले कुणी?"

"आमच्या बाईंनी."

"नाव काय त्यांचं?"

हाही प्रश्न परीक्षेतलाच होता, कारण पेन त्यांनी उचलून धरलं होतं. आणि तिथं, बाई, काहीच नव्हतं. वाकडं नख होतं, निळी साडी होती, तो शब्द होता. नाव नव्हतं. लेकाच्या चेहऱ्यावर नुकतंच आलेलं हसू मावळायला लागलं. मी मान ताठ केली आणि एका दमात सांगून टाकलं, "चंद्रकलाबाई."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि लिहून घेतलं. "जुनं सगळं पक्कं आहे आजींचं. काळजीचं कारण नाही." लेकाला एकदम ठसका लागला. तो उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.

गाडी सुरू झाली. मग त्यानं विचारलं, "आई, पाढे चंद्रकलानं शिकवले तुला?"

"दूध दिलं का न्हाय तिनं तुला?" मी म्हटलं. "मग गप बस."

त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोटभर हसला. लहानपणी हसायचा तसा. मग डोळे पुसले, म्हणाला, "गॅसला आपोआप बंद व्हायचं काहीतरी बसवून देतो," आणि गाडी जळकोटच्या रस्त्याला घातली. पिशवी घरी आणून त्यानंच खुंटीला अडकवली.

मी जिंकले, पण ते मनाला लागून राहिलंय. गावात विचारून बघितलं. माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी अजून आहेत. एकीला तुमची साडी आठवते, एकीला तो शब्द, तोच, हुबेहूब. नाव कुणालाच नाही. माय तुम्हाला बाई म्हणायची, मुकादम बाई म्हणायचा, सगळं गाव बाई म्हणायचं. तुमचं नाव मी आयुष्यात एकदाच ऐकलं, साहेबांनी वाचलं तेव्हा. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या मनगटात छत्तीसासे चुळबुळायला लागलं होतं, ते मध्येच सांडू नये म्हणून माझा सगळा जीव तिकडं लागलेला. छत्तीसासे राहिलं, नाव गेलं. माझ्याच डोक्याचा मला राग येतो, खरं सांगते. म्हशीचं नाव ठेवलं आणि तुमचं टाकलं!

तेव्हापासून रोज सकाळी खलबत्ता घेऊन बसते. साहेब चष्मा लावतात, कागद उघडतात, त्यांचे ओठ हलतात, आणि मी ठोकते. नाव काही अजून आलं नाही. शेंगदाण्याची चटणी मात्र इतकी झालीय, की गल्लीत घरोघरी वाटून झाली, आणि काल शेजारीण हात जोडून म्हणाली, "अक्का, आता बास, पोरांची तोंडं आलीत." हे पत्र मी पाकिटात घातलंय. टाकायचं कुठं, तो प्रश्न आहेच, पण पाकिटावरची ती मोकळी जागा मला बघवेना. म्हणून तूर्त तिथं चंद्रकलाबाई लिहून ठेवलंय. वाईट वाटून घेऊ नका, बाई. म्हैस लई गुणाची होती.