उंबऱ्यावरची खडी

अण्णा, तुम्ही गेल्यावर मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगतो. मोटारीचे वेढे भरायचं यंत्र, सायकलच्या चाकावर चालणारं. त्यावर लातुरात तीस वर्षं पोट भरलं. दुकानाचं पत्र्याचं दार. आईला वाकावं लागू नये म्हणून तिला भिंतीशी उभी करून, मोजून बांधलेला ओटा. आणि या महिन्यात, इथं राजस्थानच्या वाळवंटात, जाड कापडाची दुपदरी पाण्याची पिशवी, मानेवर पदर येईल अशी टोपी, इंचाच्या खुणा पाडलेली काठी आणि तीन नकाशे. कुणी शिकवलं नाही. मी दहावी नापास. जे आलं ते खोलून, बिघडवून, पुन्हा जोडूनच आलं.

कामावर आलोय. इथं नजर जाईल तिथवर सोलरच्या पाट्या उभ्या आहेत. त्या सूर्यामागं वळवणाऱ्या मोटारी वाळू शिरून जळतात, त्या भरायला ठेकेदारानं मला महिनाभरासाठी आणलं. रविवारी सुट्टी. बाकीचे झोपतात, पत्ते कुटतात. मी म्हटलं, आपण चालायचं. पहाटे निघून दुपारच्या आत परत. ठेकेदार मुरुडचा, आपल्याकडचाच. म्हणाला, "चालाया इतक्या लांब कशापायी, मिस्तरी? गावाकडं रान न्हाई का?"

"हाय की. पण तितं वाट चुकता येत न्हाई."

"लई शाना हायेस," म्हणून तो हसत गेला.

तीन फेऱ्या आखल्या. एक कोरड्या तळ्यापर्यंत, एक वाळूच्या दुसऱ्या टेकाडापर्यंत, एक ओस पडलेल्या गावाच्या विहिरीपर्यंत. माझं पाऊल डांबरीवर सव्वादोन फूट पडतं, वाळूत पावणेदोन. हे मी फाटकाजवळ दोरी टाकून मोजलं. निघायची वेळ पावणेसहा. साडेआठ वाजोत किंवा पाण्याचा तिसरा हिस्सा संपो, जे आधी होईल तिथून मागं फिरायचं. सव्वाअकराला खोलीवर. कागदावर एक रेघ वाकडी नाही. शेवटच्या ओळीत तुमचा नियम लिहिला: शोधायला निघायची वेळ, बारा. कोण निघणार? पुढची जागा तिन्ही कागदांवर कोरीच आहे.

तुम्ही किनवटच्या रेल्वे लाईनीवर चावीवाले. हातोडा खांद्यावर टाकून पहाटे निघायचे, जाताना एका रुळाच्या सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत, येताना दुसऱ्या. निघण्याआधी लाईनीवरची एक खडी उंबऱ्यावर ठेवायचे आणि आईला सांगायचे, "साडेबाराला मी हाय. एक वाजला आन् खडी तितंच दिसली, तर शोधाया निघायचं. मंग चुलीवर काय का असंना." परतल्यावर ती तुम्हीच उचलायची. एकदा झाडताना मी ती पायानं बाजूला सारली. तुम्ही ओरडला नाहीत. उचलून जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "दगूड न्हाई त्यो. त्यो मी हाय."

त्या दिवशी आई निलंग्याला मामाकडं गेलेली. मी बावीस वर्षांचा. वेळ तुम्ही मला सांगून गेलात. मी दारातच बसून पाच एचपीची मोटार भरतोय, आयुष्यातली पहिली, बाहेरच्या माणसानं विश्वासानं दिलेली. वेढे मोजत भरावे लागतात. मधे उठलं की आकडा जातो, आकडा गेला की सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. एक वाजलेला मला दिसला. खडी दिसत होती. ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. म्हटलं, एवढी वेढ्यांची गुंडी होऊ दे. मग पुढची. सव्वादोनला उठलो.

तुम्ही रुळाखालच्या मोरीच्या सावलीत होता, भिंतीला टेकून, घराकडं तोंड करून. हातोडा नीट बाजूला ठेवलेला. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर." ती मोटार मात्र चालली, अण्णा. पुढं कितीतरी वर्षं चालली. एक वेढा चुकला नव्हता. आईला मी सांगितलं, एकच्या ठोक्याला निघालो होतो. ती तेच खरं धरून गेली.

आता घरात कुणी नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली. पोरगी नांदेडला सासरी. ती तिथून काय बघणार? इथले इंजिनियर म्हणाले, "काका, फोनवर लोकेशन चालू ठेवा ना, त्यात काय!" पहिल्या टेकाडापलीकडं रेंज नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या रविवारी पिशवी भरली, टोपी घातली आणि एक दगड शोधून खोलीच्या दारात ठेवला. मग त्याच्याकडं बघत उभा राहिलो. ऊन वर आलं. टोपी काढली. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. माझ्या वाटेकडं डोळे लावणारं कुणी नाही, हे दुःख मला वाटलं तेवढं मोठं नाही. कुणी डोळे लावावेत असं मी काही केलेलं नाही, हे मोठं आहे. हातानं केलेल्या वस्तूंची यादी मी कितीही लांबवली तरी ते त्यात बसत नाही.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी हे तिन्ही रविवार बघत होता. आज चौथ्या रविवारी पहाटे येऊन त्यानं विचारलं, "ये पत्थर किसका है, साब?" मी सगळं सांगितलं, सव्वादोन सोडून. तो हसला नाही. दगडाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आप जाओ. मैं यहीं बैठा हूँ. बारह बजे ऊँट लेके निकल पडूँगा."

उद्या परतीची गाडी आहे. पिशवीतलं पाणी मी दारातल्या झाडाला घातलं. नकाशे टोपीत घडी करून ठेवले, हा तुम्हाला लिहिलेला कागदही तिथंच जाईल. तुमचा पत्ता मोरीपाशी संपतो. त्या म्हाताऱ्याला मी नको म्हणालो. महाग वाटलं म्हणून नाही, अण्णा. तो बाराला बरोबर निघाला असता, म्हणून. दोनशे रुपये मागत होता, उंटासकट.