बाईंच्या वह्या मी तपासतो

ता. १७ जून, सोमवार

प्रिय धाकटीस,

थोरल्या भावजींचे आशीर्वाद. तुझ्याकडे सगळे ठीक असणार. नसते तर तू फोन केला असतास, आणि तासभर केला असतास.

आधी एक गंभीर तक्रार. या घरात लाल पेन टिकत नाही. महिन्यात सहा संपली. दुकानदार म्हणाला, "सर, बाईंनी मुलांना नापास करायचा चंग बांधलाय का?" मी विद्वानासारखा हसलो आणि सातवे घेतले.

पेने खरे तर मी संपवली. दुपारी तुझी ताई आडवी झाली की तिच्या शिकवणीच्या वह्या मी तपासत आलो. हसू नकोस. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी मस्ट, शुड, हॅव टू घोकतो आहे. आमच्याकडे 'तव्य' प्रत्यय लावला की कर्तव्य सिद्ध. या मंडळींनी तेवढ्या कामावर तीन कारकून नेमलेत, आणि तिघांचे आपसात पटत नाही. मस्ट म्हणजे बोलणाऱ्याचा आग्रह, हॅव टू म्हणजे बाहेरची सक्ती, शुड म्हणजे नुसता सल्ला. हे सगळे मी ताईच्याच जुन्या टिपणांवरून शिकलो. काय सुरेख टिपणे आहेत गं.

मार्चमध्ये एक वही सहज उघडली होती. मुलीने 'यू मस्ट गो' लिहिलेले. त्यावर फुली, आणि खाली ताईची दुरुस्ती: 'यू मस्ट टू गो'. ज्या चुकीसाठी तिने तुला लहानपणी भिंतीकडे तोंड करून उभे केले होते, तीच. पुढच्या वहीत तेच. मी व्हाइटनर लावला, तिच्या वळणाचे अक्षर काढले. तेव्हापासून काढत आलो.

गेल्या मंगळवारी एक वही माझ्या नजरेतून सुटली. ती जिची, त्या मुलीची आई वही घेऊन दारात. मी पुढे होऊन म्हणालो, "मी तपासली होती, चूक माझी."

"मग सर, तुम्ही आपलं संस्कृतच बघा," म्हणून त्या गेल्या.

ताई वही धरून बसली. "अक्षर माझं आहे. कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून."

तिने सगळी पाने उलटली. मग म्हणाली, "मुलांचं नुकसान नको. उद्यापासून शिकवणी बंद, सगळ्यांना कळवा. आणि यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. सगळ्यांना कळवलेही.

बुधवारी चार वाजता तिने खुर्च्या मांडल्या, फळा पुसला आणि विचारले, "मुलं कशी आली नाहीत?" मी सगळे सांगितले. पहिल्यांदाच ऐकावे तसे तिने ऐकले, आणि रडली. गुरुवारी पुन्हा खुर्च्या. पुन्हा सांगितले, पुन्हा रडली. शुक्रवारपासून मी "आज सुट्टी आहे" एवढेच म्हणतो. ती खूश होऊन खुर्च्या उचलते.

डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. फोनवर हे बोलता येत नाही. ती शेजारीच असते.

धाकटे, तिला दिलेला शब्द मी रोज मोडतो आणि तिला ते कळत नाही. मला फार भीती वाटते. एकट्याने मला हे जमणार नाही. तू ये.

तुझा,
भावजी