पायडल दाबायला कुणीतरी पाहिजे

मु. वालूर

श्री. चंद्रभानराव यांना दाजीचा रामराम.

तुमी, नीलम, लेकरं बरी असाल. तुमचा गुडघा कसा हाय? तुमच्या ताईच्या वर्षश्राद्धाला जेवून गेलात ते गेलातच, म्हणून इचारायलोय. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर तुमी "दाजी, गिऱ्हाईक हाय, मग लावतो" म्हणून ठेवता. (पालमला तुमच्या दुकानात एवढं गिऱ्हाईक असतं, हे मला म्हाईत नव्हतं.) पत्र मधीच ठेवलं तरी पुन्हा उचलून वाचावं लागतं.

तर आपला म्हातारा ट्रॅक्टर. मागच्या चाकाचं सील गेलं अन् ऑईल झिरपून ब्रेकचे लायनर पार भिजले. मला पत्ताच न्हाई. शेजारच्या आबासाहेबाच्या कडब्याच्या गंजीपाशी ब्रेक मारला, ट्रॅक्टरनं काही मनावर घेतलं न्हाई. गंजीत शिरला अन् स्वतःच्या मर्जीनं थांबला. आबासाहेब काय काय बोलले ते लिहीत न्हाई, पत्र नीलमबी वाचंल.

मग चाक उतरवलं, लायनर बसवलेले ब्रेक शू काढले अन् डिझेलनं घासून घासून धुतले. लय चकाचक झाले. (मोबाईलवर फोटोबी काढला. दाखवायला घरात कुणी न्हाई, हे काढल्यावर ध्यानात आलं.) बसवून बघतो तर ब्रेक पहिल्यापेक्षा जास्त घसरायलाय! मानवतचा मिस्त्री फोनवर हसतच सुटला. म्हणला, तेलकट वस्तू डिझेलनं धुतली व्हय काका, डिझेलबी तेलकटच की. मग म्या ते आंघोळीच्या हंड्यात धुण्याचा सोडा टाकून उकळले. लायनर जरा सुधारले, हंडा बिघडला. आता आंघोळ केली की अंगाला गिअर ऑईलचा वास येतो, कुत्रं जवळ येतं अन् शिंकून माघारी जातं. शेवटी पेट्रोलनं पुसले, काचकागद मारला, नवं सील टाकलं अन् बसवले.

खरी फजिती पुढं. ब्रेक जुळवताना एकानं वर बसून पायडल दाबायचं अन् दुसऱ्यानं खाली पडून नट पिळायचा. पायडलचं काम तुमच्या ताईचं. मनकर्णा पदर खोचून सीटवर बसायची अन् सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, "दाबू का सोडू?" म्या दाब म्हणलं की सोडायची, अन् वर मलाच, "नीट सांगावं की माणसानं!" यंदा पायडलवर वरवंटा बांधला. वरवंट्यानं निमूट काम केलं. (सुटून माझ्या नडगीवर पडला, तेवढं सोडा.) पण खाली पडल्या पडल्या म्या सवयीनं "सोड" म्हणलं, अन् वाट बघत राहिलो. लय येळ तिथंच पडून होतो. फार एकटं वाटलं रे चंद्रभान.

असो. लेकरांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
मुंजाजी

ता. क. उजवा ब्रेक अजून ढिला हाय, एकट्याला जुळत न्हाई. येत्या रविवारी दुकान बंद ठेवून एस्टीनं या. पेरणीची कामं खोळंबलीत.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी खरं सांगतो. उजवा ब्रेक कालच जुळला. आज सकाळी पुन्हा ढिला करून ठेवलाय. तुमी निस्तं वर बसायचं अन् दाबू का सोडू, एवढं इचारायचं.