गाड्यापुढची घोडी

आप्पा, आज मी एका मुलीला तिच्या नेहमीच्या घोड्यावरून उतरवलं आणि नव्या घोड्यावर बसवलं. पद्धत तुमचीच. एक घोडा अंगवळणी पडला की तुम्ही तो काढून घ्यायचात. कारेगावच्या तुमच्या रिंगणात रविवारी उडी मारून झाली की तिथल्या तिथे घोडे बदलायचे, रिकिबी आपल्या मापाला आणायलाही सवड नाही. शिकायला येणारी, आसपासच्या कंपन्यांतल्या साहेबांची मुलं रडकुंडीला यायची. मी घरची, म्हणून माझ्या वाट्याला सगळ्यात अडेल घोडा. एकाच घोड्यावर बसतो तो स्वार नव्हे, ओझं, असं तुमचं म्हणणं. पलटणीतून सुटून आलात, पण खुटबावच्या घरात तुमचं मन रमलंच नाही. आईशी बोलला नसाल तेवढं पागेत घोड्यांशी बोललात.

एकदा पांढरा घोडा उडीच्या आडव्या बांबूसमोर अडला आणि मी त्याच्या मानेवरून पुढे जाऊन पडले. तोंडात माती, दातातून रक्त. तुम्ही येता, मला उचलत नाही. आधी लगाम धरून घोड्याला बांबूपाशी नेता, हुंगू देता. मग मला बोलावता आणि माझाही हात त्या बांबूवर ठेवता. "आता दोगांनी बी बगितलं. बस." मी बसते, आणि उडी होते. गावात चुलते म्हणू लागले की पोरीला वाघाचं काळीज आहे. मलाही ते खरं वाटत असे.

मग तुम्ही शिरूरकडच्या एका गाडामालकाची घोडी आणलीत. बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांना ओढ लागावी म्हणून पुढे पिटाळतात, त्यातली. ती कुठेच अडायची नाही. बांबू कितीही वर चढवा, ही सरळ अंगावर घ्यायची. तुम्ही तिच्या मानेवर थोपटत राहायचात, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. पण तिच्यावर बसले की माझे हात भरून येत. ती उडीकडे बघतच नाही, असं मी तुम्हाला एकदा सांगितलं. तुम्ही हसलात. "हिला भ्याव ठावं न्हाई. तुलाच भरवसा टाकता येत न्हाई."

त्या दिवशी तुम्ही तिला मोठ्या उडीवर घेत होतात. जत्रेत पहिला आलेला गाडा मागच्या रस्त्यानं वाजतगाजत गावात चालला होता. हलगी, आरोळ्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. घोडीचे कान मागे गेले एवढं मी पाहिलं. तिनं फार लवकर जमीन सोडली, छाती बांबूंवर आदळली आणि ती तुमच्यासकट उलटली. शिरूरच्या दवाखान्यापर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत.

मला तुमचा राग येतो, आप्पा. उभा जन्म घोड्यांत गेला आणि एवढं कळू नये? ती धीट नव्हतीच. तिच्या पाठीमागे सतत बैल होते. थांबली तर तुडवली जाणार, एवढंच तिला शिकवलेलं. ती उडी घेत नव्हती, मागच्यापासून पळत होती, आणि वाटेत आपले बांबू येत होते. मालक तिला परत घेऊन गेला. यंदाही ती गाड्यापुढे पळाली म्हणतात. मी बघायला गेले नाही.

रिंगण आता मी चालवते. बऱ्याच घोड्यांवर बसले, गुणी घोड्यांवरही. दौडीपर्यंत सगळं ठीक असतं. बांबू जवळ आला की माझे हात लगाम खेचतात आणि घोडा उभा राहतो. त्याला बिचाऱ्याला मांडीतूनच कळतं. घोडे सांभाळणारा मोतद्दार आता न सांगता बांबू खाली घेतो, आणि मुलांना मी कंबर दुखते म्हणून सांगते.

आजची मुलगी नव्या घोड्यावरून पडली, ओठ फुटला. उठून म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही मारून दाखवा ना." सगळी मुलं बघत होती. मी तिला बांबूपाशी नेलं, तिचा हात त्यावर ठेवला आणि तुमच्याच आवाजात बस म्हटलं. तिनं उडी मारली. चांगली मारली. परत येताना घोड्याच्या मानेवर हात ठेवायचंही तिच्या ध्यानात आलं नाही, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. तसं बघणारी मुलगी मी ओळखते.

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणून तर लिहिता येतंय. लोक म्हणायचे, ही घोड्याला भीत नाही. भीत होते, आप्पा, प्रत्येक घोड्याला. पण मागे तुम्ही उभे असायचात, आणि मला तुमची भीती जास्त होती. आता मागे कोणी नाही, म्हणून मला उडी मारता येत नाही.